वस्तू घडवत कोडिंग : कल्पक मुलांच्या पालकांसाठी पायरीपायरीने

तुमचं मूल वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढतं, रिकाम्या खोक्यांची घरं बांधतं, झोपायच्या वेळी स्वतः रचलेल्या गोष्टी तुम्हालाच ऐकवतं. अशात कुणीतरी सुचवतं, "याला आता कोडिंगला घाला." तुम्ही शोधायला बसता आणि तासाभरात डोकं भणभणतं. कोणती भाषा? कितव्या वर्षी? क्लास लावावा की व्हिडिओ पुरतील? खेळण्यातला रोबो आणावा का?

माझी लेक चित्रं काढणारी. तिच्यासोबत मी या वाटेने गेले आहे, अजूनही जाते आहे. त्यातून जे समजलं ते क्रमाने मांडते. तुम्हाला स्वतःला कोडिंग येत नसलं तरी काही अडत नाही. मलाही येत नव्हतं.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अशा मुलाला कोडिंगचे धडे देत बसू नका. त्याला जे करायचंच आहे, त्यात कोडिंग त्याच्या कामी येऊ द्या. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघाल्या आहेत.

१. आधी नुसतं बघा

संगणक सुरू करण्याआधी एक-दोन आठवडे मूल मोकळ्या वेळात काय करतं ते टिपून ठेवा. "त्याला कला आवडते" इतकं मोघम नको. ते एकेक चित्र रंगवत बसतं, की एकाच पात्राची वीस चित्रं काढून त्यांची मालिका करतं? गोष्ट सांगताना त्याला पात्रं महत्त्वाची वाटतात, की "मग हे झालं असतं तर?" असे फाटे फोडायला आवडतं? खेळता खेळता ते खेळाचे नियम बदलतं का? टेबलावर बोटांनी ताल धरतं का?

हे एवढं बारकाईने बघायचं, कारण पुढे साधन निवडताना हाच तपशील लागणार आहे. मालिका काढणाऱ्या मुलाला चलच्चित्र करायला मिळालं तर ते हरखतं. फाटे फोडणाऱ्याला वाचकाच्या निवडीनुसार बदलणारी गोष्ट रचायला मिळायला हवी. नियम बदलणारं मूल थेट गेमकडे जाईल. सगळ्यांना एकाच 'बिगिनर कोर्स'मध्ये बसवलं, तर यातली निम्मी मुलं पहिल्याच आठवड्यात "मला कोडिंग आवडत नाही" असं सांगून मोकळी होतात. त्यांना आवडलेला नसतो तो त्या कोर्समधला विषय.

२. जमवाजमव

लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत:

- साधा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. जुना असला तरी चालतो, ब्राउझर नीट उघडला म्हणजे झालं. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी टॅब्लेट पुरतो.
- माउस. हा टाळू नका. कोडचे ठोकळे टचपॅडवरून ओढताना लहान बोटं वैतागतात, आणि तो वैताग कोडिंगच्या नावावर जमा होतो.
- कोरे कागद, पेन्सिल, कात्री. यांचं काम शेवटपर्यंत पडतं.
- चित्रांचे फोटो काढायला फोन.
- संगणकावर मुलाच्या नावाचं एक फोल्डर.
- पालकांचा ईमेल पत्ता, पुढे कधी खातं उघडायचं झालं तर.

महागडा संगणक, रोबोचं किट, वर्षभराची वर्गणी मागणारं ॲप यातलं काहीही सुरुवातीला घेऊ नका. किट आणलं की घरातले सगळे "मग, चाललं का?" असं विचारायला लागतात. मुलावर त्याचं नसलेलं ओझं येतं.

फोनवर कोडिंग शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. पडदा इतका लहान असतो की ठोकळा उचलला की बाकीचं झाकलं जातं.

३. छंद बघून साधन निवडा

पाच ते सात वर्षं : स्क्रॅचज्युनिअर. यातल्या ठोकळ्यांवर चित्रं असतात, त्यामुळे वाचता येत नसलं तरी चालतं. मूल स्वतःची पात्रं रंगवू शकतं, आपला आवाज भरू शकतं. हे मोफत आहे.

आठ वर्षांच्या पुढे, चित्रं, ॲनिमेशन, गेम यांसाठी : स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने हे तयार केलं आणि २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं. हेही मोफत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत कोड लिहायचा. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे स्वल्पविराम राहिला म्हणून सगळं बंद पडलं असं होत नाही. पात्रांच्या संवादांत मराठी सरळ टाइप करता येते.

गोष्टीला फाटे फोडणाऱ्यांसाठी : ट्वाइन. ख्रिस क्लिमास यांनी २००९ साली आणलेलं मोफत साधन. एक परिच्छेद लिहायचा आणि ज्या शब्दांवरून पुढचा फाटा फुटतो ते दुहेरी चौकोनी कंसात टाकायचे, की पुढचा परिच्छेद आपोआप तयार होतो. गोष्टीचा नकाशा पडद्यावर चौकोन आणि बाणांनी दिसतो. लिहिणाऱ्या मुलांना हे साधन क्वचितच कुणी सुचवतं, म्हणून मी मुद्दाम सांगते आहे. "किल्ली सापडली असेल तरच दार उघडेल" इथवर मूल आलं की अट आणि व्हेरिएबल (किल्ली सापडली की नाही, अशी बदलणारी माहिती लक्षात ठेवणारा कप्पा) या दोन्ही गोष्टी ते आपणहून मागतं.

ताल धरणाऱ्यांसाठी : सॉनिक पाय. सॅम ॲरन यांनी बनवलेल्या या साधनात कोड लिहून संगीत वाजवता येतं. 'प्ले ६०' लिहिलं की एक सूर वाजतो. ६० च्या जागी ६२ केलं की वरचा सूर. मध्ये 'स्लीप ०.५' घातलं की अर्ध्या ठोक्याची विश्रांती. इथे ठोकळे नाहीत, टाइप करावं लागतं, तेव्हा दहाच्या पुढच्या मुलांना हे जास्त जमतं.

वस्तू खोलून बघणाऱ्यांसाठी : मायक्रोबिट. त्याबद्दल आठव्या पायरीत.

एका वेळी एकच साधन. चार ठिकाणी खाती उघडून ठेवली की मूल चारही ठिकाणचे पहिले धडे करत राहतं.

४. पहिला प्रकल्प एका बैठकीत संपणारा हवा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं गाडं इथेच रुततं. मूल म्हणतं, "मला जग फिरता येईल असा गेम करायचाय, त्यात शंभर पात्रं असतील." त्याला नाही म्हणू नका. ती कल्पना कागदावर काढून घ्या, भिंतीवर लावा, आणि मग विचारा, "यातलं सगळ्यात पहिलं पात्र कोण? ते नुसतं चालताना दाखवूया का आज?"

माझ्या लेकीने पहिल्यांदा केला तो तिने काढलेला मासा. तुम्हाला हाच प्रकल्प करून बघता येईल:

क) कागदावर मासा काढा, तोंड उजवीकडे. स्क्रॅचमध्ये ९० अंश म्हणजे उजवी दिशा, आणि पात्र सुरुवातीला तिकडे बघतंय असं धरलेलं असतं. मासा डावीकडे तोंड करून काढला तर तो शेपटी पुढे करून पोहतो.

ख) फोटो काढा आणि स्क्रॅचमध्ये नवं पात्र म्हणून अपलोड करा. स्क्रॅचमध्ये पात्राला स्प्राइट म्हणतात. कागदाची पांढरी कड तिथल्याच खोडरबराने खोडा. कंटाळा आला तर फोटोवरून नव्याने गिरवून घ्या, तेही छान दिसतं.

ग) चित्र रंगवायच्या पाटीच्या बरोबर मध्यावर एक बारीक खूण असते. मासा त्या खुणेवर आणून ठेवा. तो बाजूला राहिला तर वळताना स्वतःभोवती न फिरता दूरच्या कुठल्यातरी बिंदूभोवती गरगरतो.

घ) आता ठोकळे. पिवळा 'हिरव्या झेंड्यावर क्लिक केल्यावर', त्याखाली नारिंगी 'फॉरेव्हर' (पोटातलं काम पुन्हा पुन्हा करत राहणारा ठोकळा, अशा फेऱ्यांना लूप म्हणतात), त्याच्या पोटात निळा 'मूव्ह १० स्टेप्स' आणि निळाच 'इफ ऑन एज, बाउन्स'. झेंड्यावर क्लिक करा.

मासा सुळकन जातो, काठावर आपटतो आणि परत येतो तो पोट वर करून.

"आई, हा मेला का?"

हा क्षण वाया घालवू नका. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका. कागदाचा मासा कापून टेबलावर ठेवा आणि म्हणा, "याचं तोंड डावीकडे कर, पण कागद टेबलावरून उचलायचा नाही." मूल तो फिरवतं, आणि पोट वर येतं. मग उचलून उलटा करायला सांगा. आता तोंड डावीकडे आणि पोट खालीच. फिरवणं आणि पालटणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे मुलाच्या हाताला कळलं. संगणकाने पहिली केली, कारण आपण दुसरी सांगितलीच नव्हती. मग निळ्या ठोकळ्यांत 'सेट रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट' शोधायला लावा आणि तो झेंड्याच्या लगेच खाली बसवा.

पुढचं मूल स्वतःच मागतं. मासा फार जोरात पळतो? १० चे ३ करा. शेपटी हलायला हवी? माशाच्या चित्राची (स्क्रॅचमध्ये याला कॉस्च्युम म्हणतात) दुसरी प्रत काढून तिची शेपटी वळवा आणि लूपमध्ये 'नेक्स्ट कॉस्च्युम' घाला. शेपटी फडफडते इतकी की दिसतच नाही? 'वेट ०.२ सेकंद' घाला. अरे, आता मासाही थबकत थबकत पोहतोय! कारण थांबण्याचा हुकूम त्याच लूपमध्ये आहे. मग शेपटीसाठी झेंड्याखाली दुसरी स्वतंत्र रांग करायची. दोन कामं एकाच वेळी चालू ठेवायची तर दोन रांगा लागतात, हे समजायला कुठल्याही धड्याची गरज पडत नाही.

फाइल जपण्याबद्दल एक इशारा. खातं न उघडता ब्राउझरमध्ये काम केलं असेल, तर खिडकी बंद करण्याआधी 'सेव्ह टू युअर कॉम्प्युटर' केलंच पाहिजे. नाहीतर सगळं जातं, आणि मुलाचा पहिला मासा गेला की तो परत काढायला ते सहसा तयार होत नाही. स्क्रॅच संगणकावर उतरवूनही घेता येतं. मग इंटरनेटचीही गरज नाही.

५. माउस मुलाच्याच हातात

तुम्ही शेजारी बसा, पण माउस आणि कीबोर्डला हात लावू नका. "थांब, मी पटकन करून देते" या वाक्याने जितकी मुलं कोडिंगपासून दूर गेली असतील तितकी अवघडपणामुळे गेली नसतील, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काम प्रश्न विचारण्याचं. मला उपयोगी पडलेले प्रश्न हे:

"तुला काय व्हायला हवं होतं? आणि होतंय काय?"

"कुठपर्यंत नीट चाललं होतं? त्यानंतर तू काय बदललंस?"

"हे ठोकळे मला वरून खाली वाचून दाखव." मोठ्याने वाचताना मूल मध्येच थांबतं आणि "अच्छा!" म्हणतं. व्यवसायाने कोड लिहिणारेही अडले की कुणाला तरी आपला कोड समजावून सांगतात. निम्म्या वेळा ऐकणाऱ्याला काही बोलावंच लागत नाही.

"मला माहीत नाही, शोधूया" हेही बिनधास्त म्हणा. मोठ्यांनाही सगळं येत नसतं हे मुलाला दिसणं चांगलंच.

कौतुक करतानाही नेमकं बोला. "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "शेपटीसाठी वेगळी रांग करायचं तुला कसं सुचलं?" हे विचारा. मूल सांगत सुटतं.

६. हमखास येणाऱ्या अडचणी

स्क्रॅचमध्ये गेम करणारं प्रत्येक मूल या अडचणींतून जातं. उत्तर तुमच्याजवळ असू द्या, पण ते काढा सगळ्यात शेवटी.

गुण एकदम शंभरावर जातात. माशाने किडा खाल्ला की एक गुण, असं ठरवलं होतं. पण शिवल्या शिवल्या आकडा भराभर चढतो. लूप सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतो, आणि मासा किड्याला चिकटलेला असेपर्यंत प्रत्येक फेरीत एक गुण मिळतो. उपाय: गुण दिल्याबरोबर किड्याला 'गो टू रँडम पोझिशन' सांगून दुसरीकडे पाठवा.

खेळ दुसऱ्यांदा सुरूच होत नाही. पहिल्या वेळी पात्र लपवलं होतं, ते लपलेलंच राहतं. गुणही जुनेच. स्क्रॅच मागची स्थिती तशीच ठेवतं. झेंड्याखाली सर्वांत आधी 'शो', सुरुवातीची जागा आणि 'सेट स्कोअर टू ०' हे तीन ठोकळे लावायची सवय मुलाला लागू द्या.

दोन पात्रांचे संवाद एकमेकांवर आदळतात. मूल सेकंद मोजून 'वेट' लावत जातं, मग एक वाक्य वाढवलं की पुढचं सगळं कोलमडतं. इथे 'ब्रॉडकास्ट' दाखवा: पहिल्याचं बोलणं संपलं की तो निरोप पाठवतो, निरोप मिळाला की दुसरा बोलतो. गोष्ट सांगणाऱ्या मुलांना हा ठोकळा एकदा मिळाला की ती सोडत नाहीत.

काहीच कळत नसेल तर मोठी रांग मधून तोडा आणि वरचा अर्धा भागच चालवून बघा. चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते समजलं की शोध निम्म्यावर येतो. मूल रडकुंडीला आलं असेल तर मात्र शोध नको. फाइल जपा, संगणक बंद करा. सकाळी तीच चूक पाच मिनिटांत सापडते.

७. दुसऱ्याचं उघडून बघू द्या

स्क्रॅचच्या संकेतस्थळावर जगभरातल्या मुलांचे प्रकल्प आहेत, आणि प्रत्येकाचा कोड 'सी इनसाइड'वर क्लिक केलं की दिसतो. 'रीमिक्स' केलं की त्याची आपली प्रत होते, मूळ कर्त्याचं नाव आपोआप राहतं. काही पालकांना ही नक्कल वाटते. पण चित्र शिकणारी मुलं आधी दुसऱ्यांची चित्रं बघून काढतातच. फक्त एक नियम ठेवा: रीमिक्समध्ये निदान एक गोष्ट अशी बदलायची की मूळ कर्त्याला बघून नवल वाटावं.

खातं उघडताना हे पाळा: वापरनावात मुलाचं खरं नाव, शाळा, जन्मवर्ष नको. पासवर्ड तुम्हालाही माहीत हवा. प्रकल्प 'शेअर' केला की तो सगळ्यांना दिसतो, तेव्हा मुलाचा फोटो किंवा नाव-पत्ता सांगणारा आवाज त्यात नाही ना, हे आधी तपासा. प्रत्येक प्रकल्पाखालच्या प्रतिक्रिया बंद करता येतात, सुरुवातीला त्या बंदच बऱ्या. शेअर न करताही सगळं शिकता येतं.

८. पडद्याबाहेर या

हातांनी वस्तू बनवणारी मुलं काही आठवड्यांनी पडद्याला कंटाळतात. त्यांच्यासाठी मायक्रोबिट हा तळहातापेक्षा लहान सर्किट बोर्ड आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने पुढाकार घेऊन तो बनवला आणि २०१६ साली तिथल्या शाळकरी मुलांना लाखोंच्या संख्येने वाटला. त्यावर ५ गुणिले ५ असे २५ दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. २०२० च्या नव्या आवृत्तीत मायक्रोफोन आणि स्पीकरही आला.

विकत घेण्याची घाई नको. मेककोड नावाच्या मोफत एडिटरमध्ये (कोड लिहायच्या साधनात) पडद्यावरच त्याची प्रतिकृती दिसते, ती माउसने हलवताही येते. तिथे दोन-तीन गोष्टी करून मूल "हा खरा हवा" म्हणाल्यावरच घ्या.

पहिला प्रकल्प: २५ चौकटींच्या कागदावर दोन चेहरे रंगवायचे, एक झोपलेला, एक दचकलेला. बोर्ड हलवला की दुसरा, एरवी पहिला. मग त्याला पुठ्ठ्याचं शरीर, लोकरीचे केस. पुठ्ठा कापण्यात दोन तास आणि कोडमध्ये दहा मिनिटं गेली तरी हरकत नाही. त्या दहा मिनिटांना अर्थ त्या पुठ्ठ्यामुळेच येतो.

दोन गोष्टींत लोक फसतात. संगणकाला जोडूनही बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदलून बघा, काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जात नाही. आणि मोटर थेट बोर्डाच्या पिनांना जोडू नका. बोर्ड तेवढा प्रवाह देऊ शकत नाही, तो बिघडू शकतो. मोटरसाठी मध्ये वेगळा ड्रायव्हर बोर्ड लागतो.

९. ठोकळ्यांकडून टाइप केलेल्या कोडकडे

हा टप्पा वयावर ठरवू नका. मूल स्वतः कुरकुरायला लागलं, की ठोकळे ओढता ओढता हात दुखतो, एवढा मोठा गेम पडद्यावर मावत नाही, "खरे लोक असं करतात का?", तेव्हा वेळ आली. त्याआधी ढकललं तर मूल टाइपिंगच्या चुका सुधारण्यातच दमतं. ठोकळे म्हणजे खोटं कोडिंग हा समज काढून टाका. लूप, अट, व्हेरिएबल तिथेही तेच असतात.

चित्रकार मुलासाठी पायथन ही टाइप करून लिहायची भाषा आणि त्यातला टर्टल (म्हणजे कासव) हा चित्रं काढायचा भाग ही उत्तम सुरुवात. पायथन मोफत आहे, टर्टल त्याच्यासोबतच येतं. नवख्यांसाठी थॉनी हा एडिटर सोपा, त्यात पायथन आधीच असतं.

पडद्यावरच्या कासवाला "१०० पावलं पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ" असं चारदा सांगितलं की चौकोन होतो. कल्पना जुनी आहे. १९६७ साली सिमोर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फ्यूरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, तिचं कासव पुढे जगभर गेलं. पॅपर्ट यांचं सांगणं असं की मुलाने स्वतः कासव व्हावं. ते कसं, हे त्रिकोण काढताना कळतं. मूल म्हणतं, त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून ६० वळायचं. कासव भलतीकडेच जातं, तीन बाजू जोडल्याच जात नाहीत. जमिनीवर दोरीचा त्रिकोण मांडा आणि मुलाला त्यावरून चालायला लावा. कोपऱ्यावर आलं की सरळ जायची दिशा सोडून किती वळावं लागतं? ६० नाही, १२०. कोन आतला असतो, वळण बाहेरचं. पाच टोकांची चांदणी हवी असेल तर १४४ अंश. हा आकडा सांगू नका, शोधू द्या. चुकत चुकत निघणाऱ्या नक्षीच चांदणीपेक्षा सुंदर असतात, त्या जपून ठेवायला सांगा.

पायथनमध्ये फसायच्या जागा:

- आपल्या फाइलला 'टर्टल' हेच नाव देऊ नका. पायथन खऱ्या टर्टलऐवजी तुमचीच फाइल उघडायला जातो आणि न समजणारी चूक दाखवतो.
- ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा इथे अर्थ बदलते. लूपच्या आतल्या ओळी सारख्याच आत सरकवलेल्या हव्यात.
- कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात.
- लाल अक्षरांत लांबलचक चूक आली की मूल घाबरतं. शेवटची ओळ आधी वाचायला शिकवा. काय चुकलं ते तिथे असतं, आणि कुठल्या ओळीत ते तिच्या जरा वर.

१०. क्लास आणि एआय

क्लास लावावा का? मुलाला सोबत हवी असेल तर जरूर. पण नाव घालण्याआधी एक तास बसून बघा. तासाच्या शेवटी सगळ्या मुलांच्या पडद्यावर एकच गेम, तोच हिरवा राक्षस दिसला, तर तिथे कल्पक मूल गुदमरेल. शिक्षकांना विचारा: "मुलाला काही वेगळं करायचं असलं तर?" उत्तरावरून कळतं. प्रमाणपत्रं आणि "इतक्या महिन्यांत ॲप डेव्हलपर" अशी आश्वासनं यांना भुलू नका. या वयात मुलाची कमाई म्हणजे त्याने केलेल्या वस्तू.

एआयला सांगितलं तर अख्खा गेम क्षणात लिहून मिळतो. मूल पाच मिनिटं खेळतं आणि विसरतं, कारण तो त्याचा नसतो. माझ्या घरी असं ठरलं आहे: आधी स्वतः प्रयत्न, मग आपल्याच कोडमधला अडलेला तुकडा दाखवून "हे असं का होतंय?" एवढंच विचारायचं, तेही मी शेजारी असताना. मिळालेली ओळ समजावून सांगता आली तरच ती फाइलमध्ये जाते. बऱ्याच एआय सेवांना वयाची अट असते, ती आधी वाचून घ्या.

११. मूल सोडून देतं तेव्हा

एक दिवस ते म्हणेल, "आज नाही." मग महिनाभर नावच काढणार नाही. याची काळजी करू नका. कल्पक मुलं छंदांत लाटांसारखी येतात-जातात. त्या काळात काढलेली चित्रं, लिहिलेल्या गोष्टी पुढच्या प्रकल्पाचा माल असतो. "एवढं शिकलास, आता सोडतोस?" हे वाक्य मात्र टाळा. आठवड्याचं वेळापत्रकही मी लादलं नाही. शनिवारी संगणक मोकळा असतो एवढंच तिला माहीत आहे.

परत यावंसं वाटेल अशी सोय करून ठेवा. फोल्डरमधला एकही अर्धवट प्रकल्प पुसू नका. फाइलच्या नावात तारखेसोबत काय केलं ते एक-दोन शब्दांत असू द्या: 'मासा', 'मासा-शेपटी', 'मासा-किडा'. मोठा बदल करण्याआधी प्रत काढून नवं नाव द्यायचं, म्हणजे बिघडलं तरी कालचं शाबूत राहतं आणि मूल बिनधास्त मोडतोड करतं. बंद करताना एका कागदावर एक ओळ लिहून घ्या, "पुढे काय करायचं होतं", आणि तो माउसखाली ठेवा. महिन्याभराने मूल परत बसतं तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर त्याच्याच अक्षरात तिथे असतं.